जुन्या ड्रमवरील छिद्रांची साक्ष

तबल्याची पुडी वादीने व गठ्ठ्यांनी ताणतात. पाश्चात्य ड्रमची रचना निराळी आहे. त्याच्या लाकडी खोडाला छिद्रे पाडून धातूच्या बैठका बसवितात व त्यांत पेच आवळून कडीखालची पुडी ताणतात. लहान ड्रमचा आधार, झांजेचा दांडा, जमिनीवर टेकणारे पाय, नाद दाबणारी आतली गादी, कारखान्याचा बिल्ला या प्रत्येकासाठी आणखी छिद्रे लागतात. पुडी फाटली तर बदलता येते, झिजलेल्या पेचाच्या जागी नवा बसविता येतो. खोडातले छिद्र मात्र कायमचे. म्हणूनच अमेरिकेत जुना ड्रम घेणारा मनुष्य प्रथम छिद्रे मोजतो. मागाहून पाडलेले एखादे आढळले की किंमत उतरते.

अडचण अशी की, कारखान्याचे कामही आरशासारखे नितळ नसे. शिकागोच्या लुडविग कारखान्याचे उदाहरण पुरेसे आहे. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स मंडळींचे वादन अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर झाले. रिंगो स्टार याच्या मोठ्या ड्रमवर लुडविगचे नाव ठळक दिसत होते. मागणीचा असा पूर लोटला की कामगारांना उसंत राहिली नाही. त्या दशकातील ड्रमवर बैठक किंचित तिरपी बसलेली, बिल्ला ओळ सोडून सरकलेला, खोडाच्या आत तारखेचा शिक्का उलटा उमटलेला किंवा मुळीच नसलेला, असे प्रकार आढळतात. एकाच संचातील ड्रमांवर निरनिराळ्या महिन्यांच्या तारखा असतात. बिल्ल्यावरील अनुक्रमांकांवरही विसंबता येत नाही. मोठा आकडा जुन्या ड्रमवर आणि लहान आकडा नव्यावर सापडतो, कारण बिल्ले क्रमाने लावण्याची शिस्त पाळली गेली नाही. जो ग्राहक ‘अनियमित म्हणून बनावट’ असा निकाल देतो, तो अस्सल वस्तू हातची घालवितो.

याहून विलक्षण प्रकार युद्धकाळातला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने वाद्यांसाठी धातू वापरण्यावर कडक निर्बंध घातले. तेव्हा शिकागोच्याच स्लिंगरलँड कारखान्याने ‘रोलिंग बॉम्बर’ नावाचे ड्रम काढले. त्यांच्या बैठका लाकडाच्या होत्या. अजाण माणसाला ती घरगुती डागडुजी वाटेल, परंतु तो कारखान्याचाच माल होय.

परक्या कारखान्याचा भाग दिसला म्हणून तरी खोट ठरवावी काय? रिंगो स्टारच्या लुडविग संचांवर लहान ड्रम पेलणारा आधार रॉजर्स कंपनीचा, ‘स्विव्होमॅटिक’ नावाचा होता. तो काढून तेथे लुडविगचा आधार बसविणे म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली इतिहास पुसणे होय. दुर्दैवाने ‘मूळ स्थितीत आणण्याचा’ असा उत्साह पुष्कळांना असतो.

मग पारख कशी करावी? उत्तम साक्षीदार म्हणजे खोडावरील चकचकीत आवरण. उजेडाने व धुराने ते वर्षानुवर्षे फिकट किंवा पिवळसर होत जाते. परंतु धातूच्या भागाखाली झाकलेला पट्टा मूळ रंगाचा राहतो. बैठक काढून पाहिल्यावर तिच्या आकाराचा ताजा ठसा दिसला, तर ती प्रारंभापासून तेथे आहे. ठसा नसून खालचा रंग भोवतालच्या इतकाच उतरलेला असेल, तर ती पुढे कोणी तरी बसविलेली समजावी. ठसा मोठा व बैठक लहान असेल, तर जुना भाग जाऊन दुसरा आलेला आहे. छिद्राच्या आतील लाकूडही बोलते: जुने काळवंडलेले, नवे उजळ. आतल्या अंगाला लाकडाचे तूस निघालेले दिसते, पण त्यावरून काही ठरत नाही. घाईत चालविलेला गिरमिट कारखान्यातही तूस काढीतच असे.

बुजविलेली छिद्रे बाहेरून चटकन लक्षात येत नाहीत. पुडी काढून खोडात दिवा धरावा, म्हणजे लाकडाच्या रेषा जेथे तुटतात तेथे भरलेली गोल टिकली दिसते.