परदेशातून कुलमुखत्यारपत्र
मुलगी न्यू जर्सीत, फ्लॅट पुण्यात आणि विक्रीच्या करारावर सही तर हवीच. अशा वेळी इथल्या भावाला कुलमुखत्यारपत्र देता येतं. ते तिथल्या भारतीय वकिलातीकडून साक्षांकित करून घ्यावं, किंवा स्थानिक नोटरीसमोर सही करून त्यावर अपोस्टिलचा, म्हणजे कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणून दिला जाणारा सरकारी शिक्का घ्यावा. अपोस्टिलची पद्धत ज्या हेग करारानं आली, त्यात भारत २००५ पासून आहे. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावं लागतं, आणि नेमकं हेच राहून जातं. ‘सर्व अधिकार’ देण्याचा मोह, माणूस सख्खा असला तरी, टाळावा. कोणता फ्लॅट, कोणती कामं, पैसे कोणाच्या खात्यात, सगळं लिहावं. आणि नुसत्या मुखत्यारपत्रानं मालकी बदलत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये बजावलं आहे.