मधुमेही माणसासाठी गवती चहाचा काढा

मुंबईतील कॉटन ग्रीन हे नाव कापसाच्या बाजारावरून पडले. वऱ्हाड-खानदेशाच्या गाठी रेल्वेने येथील वखारींत येत. कापूस बाजाराची हिरवी इमारत अद्यापि उभी आहे. तेथील व शेजारच्या काळाचौकी-लालबागच्या पुष्कळ कुटुंबांचे गाव मात्र कोकणात किंवा घाटावर असते. मे महिना आटोपून मुंबईस परतताना त्यांच्या पिशवीत कोकमाबरोबर गवती चहाचा ठोंब व परसातील दालचिनीची सालही येते. हल्ली हे जिन्नस मधुमेहावरील उपाय म्हणून आवर्जून मागविले जातात. तेव्हा काढा कसा करावा व त्याजकडून अपेक्षा किती ठेवावी, हे गावच्या व मुंबईच्या दोन्ही घरांस ठाऊक असावे.

दोन कपांसाठी अडीच कप पाणी घ्यावे. त्यात ठेचलेले आले व दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घालून पाच-सात मिनिटे उकळावे. मग गवती चहाची चार-पाच पाती, तुळशीची पाने व एक वेलदोडा टाकून भांडे लगेच उतरवावे व झाकावे. पाती फार उकळल्यास त्यांतील सुगंधी तेल वाफेबरोबर निघून जाते.

दालचिनी पारखून घ्यावी. खरी दालचिनी पातळ असून तिच्या सुरळीत अनेक पापुद्रे असतात. बाजारात स्वस्त मिळणारी जाड, कठीण साल बहुधा कॅशियाची असते. तिच्यात कुमारिन नावाचे द्रव्य बरेच असते व ते रोज अधिक प्रमाणात पोटात गेल्यास यकृतास अपाय करू शकते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' ही दालचिनीची जात दिली आहे. ती नारळीच्या बागेत आंतरपीक म्हणून घेता येते. मग लालबागच्या मसाला बाजारात निवड करीत बसण्याचे कारण उरत नाही.

मेथीविषयी एक गैरसमज आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मेथीचे प्रयोग झाले ते दाण्यांच्या भुकटीचे. मेथीतील चिकट तंतू अन्नातील साखर रक्तात सावकाश उतरू देतो. काढा गाळला की तो चोथ्याबरोबर फेकला जातो. म्हणून मेथी रात्री भिजवून सकाळी दाण्यांसकट चावून खावी.

काढ्याचा निश्चित लाभ निराळाच आहे. दिवसाला चार कप चहा व प्रत्येकी दोन चमचे साखर धरली, तर सुमारे ३२ ग्रॅम, म्हणजे महिन्यास जवळजवळ एक किलो साखर होते. काढ्याने ती वाचते. पण 'गूळ चालतो' म्हणून त्यात गूळ घातल्यास हाही लाभ गेला; गुळानेही रक्तातील साखर वाढते.

काढा सुरू केला म्हणून गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करणे ही घातक चूक होय. मसाल्यांचा साखरेवरील परिणाम अल्प व अनिश्चित आहे. औषध सोडल्यास डोळे, मूत्रपिंडे व पाय यांची हानी माणसास न कळत होत राहते. उलट, औषधासह मेथी घेताना घाम फुटून हातपाय थरथरू लागल्यास ताबडतोब साखर-पाणी द्यावे व डॉक्टरांस कळवावे. गरोदर स्त्रिया, यकृताचे रोगी व रक्त पातळ करणारी औषधे घेणारे यांनी आधी विचारूनच काढा घ्यावा.

गॅलरीत ऊन येत असेल तर गवती चहा तेलाच्या रिकाम्या डब्यातही होतो. डब्याच्या बुडाशी भोके पाडावीत, माती व शेणखत भरून दोन-तीन फुटवे लावावेत आणि पाती बुंध्यापासून चार बोटे वर कापावीत. पाणी तुंबू देऊ नये. खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांसाठी डब्याखाली थाळी ठेवणेही बरे.