विमागणितज्ञ व त्यांची संस्था

वकील, डॉक्टर, इंजिनिअर हे शब्द आमच्या लहानांतल्या लहान वाचकासही ठाऊक आहेत. परंतु 'ॲक्च्युअरी' हा शब्द बहुतेकांनीं ऐकलाही नसेल. मराठींत त्यास विमागणितज्ञ म्हणतात. हा गृहस्थ न्यायालयांत दिसत नाहीं, दवाखान्यांत दिसत नाहीं, आणि बोईसरच्या एखाद्या कारखान्यांत तर त्यानें कधीं पाऊलही टाकलें नसेल. तथापि ज्यांचे आईवडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत कामास जातात, त्यांच्या घरीं वीस वर्षांनीं जो पैसा यावयाचा, त्याचा आजचा हिशेब पुष्कळदां ह्याच्याच हातून झालेला असतो. अशा माणसास नियमांत कोणी बांधून ठेवावें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

एका माणसाचें मरण केव्हां येईल हें कोणासही सांगतां येत नाहीं. परंतु पुष्कळ माणसें एकत्र घेतलीं म्हणजे त्यांपैकीं एका वर्षांत किती दगावतील, हें बरेंच जवळ जाऊन सांगतां येतें. ह्या एका गोष्टीवर सगळें विमाशास्त्र उभें आहे. डॉ. जॉन विल्सन १८२९ सालीं ज्या स्कॉटलंडांतून मुंबईस आले, त्याच देशांत त्यापूर्वीं पंचाऐंशी वर्षें ह्या शास्त्राचा एक सुंदर प्रयोग झाला. तेथील पाळक वारले म्हणजे त्यांच्या विधवा व मुलें उघडीं पडत. रॉबर्ट वॉलेस व अलेक्झांडर वेब्स्टर ह्या दोन पाळकांनीं पाळक किती, विधवा किती, अनाथ मुलें किती, ह्यांची गणती केली. एडिंबरोचे गणितज्ञ कॉलिन मॅक्लॉरिन ह्यांचें त्यांत साहाय्य घेतलें. आणि १७४४ सालीं निधि उभारला. दया तर पूर्वींही होती; दयेला गणिताची जोड मिळाल्यामुळें ती टिकाऊ झाली.

आपल्याकडे ह्या गणिताचा अनुभव प्रथम कडूच आला. परदेशी विमा कंपन्या हिंदी माणसाचें आयुष्य कमी भरंवशाचें धरीत व त्याजकडून चढा हप्ता घेत. सुमारें १८७० सालीं मुंबईंत निघालेल्या बॉम्बे म्युच्युअल ह्या संस्थेनें हिंदी व गोऱ्या माणसांस एकच दर लाविला. १८७४ सालीं ओरिएंटल कंपनी निघाली, आणि पुढें विमा कंपन्यांचें पेंवच फुटलें. त्यांतील कित्येक बुडाल्या. १९१२ च्या कायद्यानें हप्त्यांच्या दरांवर व ठराविक मुदतीनें होणाऱ्या मूल्यमापनावर ॲक्च्युअरीचा दाखला आवश्यक ठरविला. सप्टेंबर १९४४ मध्यें ॲक्च्युअरिअल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था मुंबईंत स्थापन झाली. संसदेच्या २००६ च्या कायद्यानें तिची जागा इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया ह्या संस्थेनें घेतली. तिची मुख्य कचेरी नवी मुंबईंत आहे.

विमा कंपनीच्या पगारावर असणारा ॲक्च्युअरी हा एक वर्ग. दुसरा वर्ग सल्लागारांचा. हे कोणाचे नोकर नसतात. निरनिराळे कारखाने, बँका व संस्था त्यांस फी देऊन त्यांजकडून मूल्यमापन करून घेतात. आमच्या भागाशीं ह्या दुसऱ्या वर्गाचाच संबंध अधिक येतो, आणि तो मुख्यतः ग्रॅच्युइटीमुळें.

ग्रॅच्युइटीचा नियम १९७२ च्या कायद्यानें घालून दिला, व २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंतही तेंच सूत्र राहिलें आहे. पांच वर्षें सलग नोकरी झालेल्या कामगारास, नोकरी सोडतांना, पूर्ण झालेल्या दर वर्षामागें शेवटच्या वेतनाच्या मानानें पंधरा दिवसांचें वेतन द्यावयाचें. महिन्याचे दिवस सव्वीस धरतात. मृत्यु किंवा अपंगत्व आल्यास पांच वर्षांची अट नाहीं. मुदतबंद नोकरांना संहितेनें ती शिथिल केली आहे.

आतां 'शेवटचें वेतन' हे दोन शब्द पाहा. तारापूरचें अणुविद्युत् केंद्र १९६९ सालीं सुरू झालें. त्या वर्षीं जे तरुण तेथें कामास लागले, त्यांना शेवटचें वेतन किती मिळणार हें त्या दिवशीं कोण सांगूं शकला असता? तरीही वचन त्या शेवटच्या आंकड्यावर दिलें जातें, आणि मालकानें आपल्या ताळेबंदांत त्याचें आजचें मोल दरवर्षीं लिहावयाचें असतें.

एक उदाहरण घेऊं. अडतीस वर्षांचा एक कामगार. नोकरी दहा वर्षें झाली. वेतन १३,००० रुपये. निवृत्ति अठ्ठावन्नाव्या वर्षीं. पंधरा दिवसांचे ७,५०० प्रमाणें दहा वर्षांचे ७५,००० झाले. पण ही रक्कम द्यावयाची वीस वर्षांनीं, आणि तीही तेव्हांच्या वेतनावर. व्याजाचा दर शेंकडा ७ धरला व वेतनही शेंकडा ७ नें वाढेल असें मानलें, तर दोहोंची वजाबाकी होऊन आजचें मोल ७५,००० च राहतें. वेतनवाढ शेंकडा ५ मानली तर तें सुमारें ५१,४०० वर उतरतें. शेंकडा ९ मानली तर सुमारें १,०८,६०० वर चढतें. (मृत्यु व नोकरी सोडणें हीं येथें सोयीसाठीं वगळलीं आहेत.) माणूस तोच, कायदा तोच, केवळ एका अनुमानामुळें दायित्व दुपटीहून अधिक! असे पांचशें कामगार असले तर फरक पावणेतीन कोटींच्या वर जातो.

व्याजाचा दर मनास येईल तसा धरतां येत नाहीं. सरकारी रोख्यांच्या उत्पन्नावरून तो घ्यावा असा हिशेबाचा दंडक आहे. पण वेतन किती वाढेल, आणि शंभरांतले किती लोक दरवर्षीं नोकरी सोडतील, हीं अनुमानें व्यवस्थापनाकडून येतात. पांच वर्षांच्या आंत पुष्कळ लोक सोडून जातील असें मानलें कीं दायित्व आपोआप हलकें होतें. मालकाला ताळेबंद चांगला दिसावयास हवा असतो; सल्लागाराची फी मालकच देतो; आणि ज्याच्या म्हातारपणाचा प्रश्न, तो कामगार त्या खोलींत नसतो. सल्लागार कितीही सज्जन असला तरी त्याची ही अवस्था नाजूक आहे, हें कबूल केलें पाहिजे.

येथें संस्थेचें खरें काम सुरू होतें. परीक्षा घेऊन सभासद करणें हें तर आहेच; परंतु सभासद झाल्यावरही संस्थेचें व्यवसाय-प्रमाणपत्र असल्यावांचून कोणास सल्लागारी करतां येत नाहीं. मूल्यमापन कसें करावें व अहवालांत काय उघड करावें, ह्याचे मानदंड ती घालून देते. तिची शिस्तसमिति आहे, आणि गैरवर्तन सिद्ध झाल्यास पटावरून नांव काढलें जाऊं शकतें. व्यवहारांत ह्याचा उपयोग असा, कीं 'एवढी वेतनवाढ फारच थोडी आहे. ह्यावर सही केल्यास मला संस्थेपुढें जाब द्यावा लागेल,' असें सल्लागार मालकास सांगूं शकतो. एकट्यानें दिलेला नकार हट्ट वाटतो. संस्थेच्या नियमानें दिलेला नकार पचतो.

तिचें दुसरें काम कमी दिसणारें, पण आमच्या मतें तितकेंच मोठें. एकट्या सल्लागारास कांहीं शेंकडे कामगारांचे आंकडे मिळतील. तेवढ्यावरून मृत्यूचें प्रमाण काढणें म्हणजे चार लाटा पाहून भरतीची वेळ सांगणें होय. म्हणून सर्व विमा कंपन्यांचे अनुभव एकत्र करून संस्था मृत्युसारणी प्रसिद्ध करते. २०१२ ते २०१४ च्या अनुभवावरची सारणी १ एप्रिल २०१९ पासून लागू झाली. तिच्यांत तिसाव्या वर्षीं मृत्यूचें प्रमाण हजारीं एकाच्या जवळ, पन्नासाव्या वर्षीं चार ते पांच, आणि साठाव्या वर्षीं सुमारें अकरा आहे.

केवळ सल्लागारांच्या वेगळ्या संस्था परदेशांत आहेत: अमेरिकेंत १९५०, इंग्लंडांत १९५१, व आंतरराष्ट्रीय स्वरूपाची १९६८ पासून. पेन्शनचा कायदा बदलावयाचा झाला म्हणजे त्या सरकारास एकत्रित मत कळवितात, आणि एकेकट्यानें काम करणाऱ्यांस अडचणीचे प्रश्न चर्चेस घेण्याची जागा देतात.

ह्या सर्वांचीही मर्यादा आहे. ताळेबंदांत लिहिलेला आंकडा म्हणजे तिजोरींत ठेवलेला पैसा नव्हे. पुष्कळ ठिकाणीं दायित्व बरोबर लिहिलेलें असतें, पण त्यापोटीं निधि वेगळा काढलेला नसतो. शिवाय पन्नासांहून कमी माणसें असलेल्या कित्येक लहान उद्योगांस 'सर्वजण आजच सोडून जातील' असें धरून सोपा हिशेब करण्याची सवलत आहे. तेथें ॲक्च्युअरी पोहोंचतच नाहीं.

मोठ्या कंपन्यांच्या बाबतींत मात्र पाहणाऱ्यास पाहतां येतें. शेअरबाजारांत नोंदलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल कोणासही वाचावयास मिळतो. त्याच्या शेवटच्या टिपांत कर्मचाऱ्यांच्या लाभांचें एक कोष्टक असतें: व्याजाचा दर, वेतनवाढ, नोकरी सोडणाऱ्यांचें प्रमाण, कोणती मृत्युसारणी घेतली तें, आणि ह्यांपैकीं मुख्य अनुमानें थोडीं बदललीं तर दायित्व कितीनें बदलेल तेंही. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यानें चक्रवाढ व्याजाचें गणित घेऊन त्या कोष्टकापुढें बसावें. घरच्या माणसाच्या कंपनीनें वेतनवाढ शेंकडा किती धरली आहे, आणि गेल्या पांच वर्षांत घरीं ती प्रत्यक्ष किती आली, हे दोन आंकडे त्यानें शेजारीं शेजारीं मांडून पाहावेत.