घरातले गाणे आणि मुलाचा कान



स्मृतिव्याख्यानाला शोभेल असा एखादा भारदस्त विषय मला निवडता आला असता. मी मुद्दामच घरगुती विषय घेतला आहे. मुलाला कोणते गाणे आवडावे, हे ठरते कसे? आपण सहज म्हणून जातो, 'गाणे त्याच्या रक्तातच आहे.' गोमंतकात तर हे वाक्य फार स्वस्त झाले आहे. इथल्या मातीतच संगीत आहे, असे एकदा म्हटले की पुढे काही समजावून सांगण्याची गरज उरत नाही. मला मात्र समजावून सांगायचे आहे, कारण आवाजाची देणगी जन्मतः मिळत असली, तरी आवड ही बव्हंशी घरात घडते, असे माझे मत आहे.

या घडणीला जन्माआधीच आरंभ होतो. गर्भातील बालकाला शेवटच्या काही महिन्यांत बाहेरचे आवाज ऐकू येतात. पीटर हेपर या संशोधकाने १९८८ मध्ये एक गमतीचे निरीक्षण प्रसिद्ध केले. ज्या माता गरोदरपणी दूरदर्शनवरची एक मालिका नेमाने पाहत असत, त्यांची नवजात बालके त्या मालिकेची धून ऐकताच शांत होत; इतर बालकांवर तिचा तसा परिणाम दिसला नाही. आईने बाळाला काही शिकवले नव्हते. ती आपल्या आवडीचे ऐकत होती, एवढेच.

त्याहून बोलका प्रयोग २००५ मधला आहे. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी बाल्कन प्रदेशातील विषम मात्रांच्या लयी उत्तर अमेरिकेतील माणसांना ऐकवल्या. या लयीतली चूक तिथल्या प्रौढांना ओळखता येईना, सहा महिन्यांच्या बाळांना मात्र ती जाणवे. वर्षाची झालेली बाळे प्रौढांसारखीच अडखळू लागत. पण घरी दोन आठवडे ते संगीत कानांवर पडले, की त्यांची गेलेली जाण परत येई. प्रौढांना तेवढ्याच श्रवणाने तसा लाभ झाला नाही. आता आपल्या रूपक तालाच्या सात मात्रा आठवा: तीन, दोन, दोन. ज्या विषम विभागणीपाशी परक्या देशातला सुशिक्षित माणूस गोंधळतो, तिच्यावर आपल्याकडचे मूल भजनात टाळी देते. ही जाण मातीने दिलेली नाही. कोणीतरी त्या मुलाला भजनाला मांडीवर घेऊन बसले होते.

मुळगावात वाढलेल्या माझ्या पिढीला ही मांडी सहज मिळाली. केळबाईच्या देवळातला उत्सव, सप्ताहातली रात्रभराची भजने, चवथीला घरोघरी होणाऱ्या आरत्या हे सारे आमच्यासाठी कार्यक्रम नव्हते, तो दिनक्रमाचा भाग होता. घुमट, शामेळ आणि कांसाळे यांची सुंवारी सुरू झाली, की निजायची वेळ झाली म्हणून कोणी आम्हांला घरी पाठवीत नसे. उत्सवी नाटकाच्या तालमी तर घरच्या ओसरीवरच चालत. एक गोष्ट तेव्हा कोणाच्या ध्यानीही आली नाही. घरात आम्ही कोकणी बोलत होतो. आईची अंगाई कोकणी, आरती आणि नाट्यपदे मराठी, रेडिओवरची गाणी हिंदी. बोलण्याची भाषा एक आणि गाण्याच्या भाषा तीन, यात आम्हांला कधी विसंगती वाटली नाही. पुढे भाषेवरून मोठमोठे वाद झाले, तेव्हा मला या गोष्टीची वारंवार आठवण होई.

आपल्या शेजारच्या लामगावाचे नाव एका थोर गायिकेच्या चरित्रात येते. केसरबाई केरकर यांचा जन्म १८९२ मध्ये फोंडा महालातील केरी येथे झाला. बालवयात त्यांना कोल्हापुरास नेऊन अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने तालीम देववली गेली. गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे लामगावी येत, तेव्हा त्यांच्याकडे त्या शिकल्या. आठ-नऊ वर्षांच्या मुलीसाठी त्या काळी एवढा प्रवास कोण करील? ज्या घराचे पोटपाणी आणि मानमरातब गाण्यावर अवलंबून आहेत, ते घर करील. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत पाठवलेल्या ध्वनिमुद्रिकेत केसरबाईंची भैरवी आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांची स्वतःची कन्या मात्र डॉक्टर झाली, हे क्वचितच सांगितले जाते. कलावंत समाजातील अनेक मातांनी आपल्या मुलांना जाणीवपूर्वक शाळेकडे वळवले. गाण्याला मिळणारी वाहवा आणि गाणारीला मिळणारी वागणूक यांतले अंतर त्यांना पुरते ठाऊक होते.

दुसरीकडे, स्वतःला प्रतिष्ठित म्हणवणाऱ्या घरांत पुरुष देवळात बसून हेच गाणे रात्ररात्र ऐकत, आणि घरची मुलगी गुणगुणली तर तिला दटावत. माझ्या आत्याला ओसरीवरच्या तालमी ऐकून नाटकातली सगळी पदे पाठ होती. जात्यावरची ओवी तिला मोकळ्या गळ्याने म्हणता येई, धालोला मांडावर गाता येई. नाट्यपद मात्र ती विहिरीच्या काठी, कोणी नाही असे पाहूनच म्हणे. एकाच ओसरीने तिच्या भावांना नट केले आणि तिला चोरून गायला शिकवले. संस्काराचा विचार करताना आपण घराने काय दिले हे मोजतो. काय नाकारले, हेही मोजले पाहिजे.

मोगूबाई कुर्डीकर यांच्या आईने, जयश्रीबाईंनी, १९१३ मध्ये आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला नाटक मंडळीत दाखल केले, आणि पुढच्याच वर्षी त्या वारल्या. मोगूबाईंनी तो वसा पुढे आपल्या मुलीला दिला, पण किती कठोरपणे! आई अस्ताई-अंतरा दोनदा म्हणे, तिसऱ्यांदा म्हणत नसे, असे किशोरीताई आमोणकर सांगत. आईबरोबर मैफलींना जाताना तिला मिळणारी अवहेलनाही त्या मुलीने पाहिली. किशोरीताईंची शिस्त आणि श्रोत्यांविषयीचा त्यांचा कडकपणा, या दोन्हींचे मूळ मला त्या बालपणात दिसते. त्यांनी गायकी मात्र आईची जशीच्या तशी ठेवली नाही. घराने व्याकरण दिले, पण वाक्य त्यांनी स्वतःचे रचले.

मंगेशीशी नाते असलेली दोन मुले १९२९ च्या सप्टेंबरात एका आठवड्याच्या अंतराने जन्मली: जितेंद्र अभिषेकी आणि लता मंगेशकर. एकाचे वडील कीर्तनकार, दुसरीचे वडील संगीत नाटकातले नामवंत नट. अभिषेकींच्या नाट्यसंगीतात शब्दाला जे स्थान मिळते, ते मला कीर्तनाच्या घरातून आलेले वाटते. मास्टर दीनानाथांच्या घरी सिनेमाच्या गाण्यांना मज्जाव होता, अपवाद फक्त सैगल यांचा, असे लताबाईंनी सांगितले आहे. त्याच घरातली मुलगी सिनेमाचा आवाज झाली! वडिलांची बंदी टिकली नाही. त्यांनी घडवलेला कान टिकला.

वयात येताना मुले मित्रांचे ऐकतात, आईबापांच्या गाण्यांना नाके मुरडतात. त्यावर फार चिंता करू नये. कॅरल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ मध्ये विशीतल्या तरुणांना अनेक दशकांतली लोकप्रिय गाणी ऐकवली. त्यांना स्वतःच्या काळातली गाणी आवडली, त्याचबरोबर आपल्या आईवडिलांच्या तरुणपणीची गाणीही विशेष जवळची वाटली.

आजचे पालक मुलाला गाण्याच्या वर्गाला घालतात, परीक्षांना बसवतात, शुल्क वेळेवर भरतात. मी त्यांना एवढेच विचारतो, की घरी तुम्ही स्वतः काय ऐकता? बहुतेकजण हसतात. ज्या घरात मोठ्यांपैकी कोणीच गाणे ऐकत नाही, तिथे मुलाला गाणे हा एक अभ्यासाचा विषय वाटतो आणि शेवटची परीक्षा होताच तंबोऱ्याला गवसणी चढते.

घुमटाला २०१९ मध्ये राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली. घोरपडीच्या कातड्याची जागा आता बकऱ्याच्या कातड्याने घेतली आहे, आणि घुमट स्त्रियांच्याही हाती आले आहे. त्यांची आरती-पथके स्पर्धांना उतरतात. अशा एका पथकाची तालीम मी पाहिली. वाजवणाऱ्या एकीचे तान्हे मूल बाजूला चटईवर निजले होते. शामेळाच्या काठ्यांनी ते जागे झाले नाही. सुंवारी थांबली तेव्हा ते रडू लागले.