एका शेताची गोष्ट

आमच्या चिरंजीवांनी दोन वर्षे खपून एक शेत पिकवले होते, तेही संगणकावर! खेळाचे नाव ‘स्टारड्यू व्हॅली’. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने तो एकट्याने रचून २०१६ साली बाजारात आणला.

गेल्या श्रावणात दिवसाची नोंद होत असतानाच वीज गेली आणि शेत उघडेना. स्वारी जेवायलाही उठेना. ‘खेळच तो!’ असे मी म्हणणार होतो; पण माझी हरवलेली कवितांची वही आठवली आणि गप्प बसलो.

मग बापलेक शोधाला लागलो. हा खेळ आदल्या दिवसाच्या नोंदीची प्रत ‘ओल्ड’ असे शेपूट लावून शेजारीच ठेवतो. बिघडलेल्या फायली बाजूला काढल्या, जुन्या दोन्ही फायलींची शेपटे छाटली आणि शेत परत आले! गेला तो एकच दिवस.

‘मॉड’ म्हणजे हौशी मंडळींनी खेळाला घातलेली भर. ती घालण्यापूर्वी ‘सेव्ह्ज’ हा सबंध फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवावा, मॉडचा फोल्डरही. मॉड गेला, तर त्याने आणलेल्या वस्तू खेळाला ओळखू येत नाहीत.

परवा पाहतो तो, चिरंजीवांनी माझ्या व्याख्यानांच्या टिपणांचीही प्रत काढून ठेवलेली!