खो मिळेपर्यंत

जळगावच्या मेहरूण तलावावर संध्याकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ वाढली, की जवळच्याच एका मोकळ्या पटांगणावर फक्की पडू लागते. जानेवारीचे दिवस, रस्त्याच्या कडेला बोरांची पाटी घेऊन एक बाई बसलेली. आठवीतला एक मुलगा डबा हलवत, वाकून रेघ ओढतोय. त्याच्याहून लहान एक जण दोरी ताणून धरतोय. रेघ वाकडी गेली की पायाने पुसायची आणि पुन्हा मारायची. हे काम कुणी लावलं, असं विचारल्यावर मोठा म्हणाला, "सरांनी. मागच्या वर्षीपासून रेघा मीच मारतो." त्या 'मीच'वर जोर होता.

आठवडाभर मी तिथे जाऊन बसलो. मुलं खो-खोच्या मंडळात येतात कशासाठी आणि टिकतात कशासाठी, हे मला पाहायचं होतं. दोन्हींचं उत्तर एकच असेल, असा माझा समज होता.

येण्याची कारणं साधी निघाली. कुणाचा शेजारी येत होता, कुणाला निळा टी-शर्ट हवा होता, कुणाच्या आईला पोराच्या हातातला मोबाइल सोडवायचा होता. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला, दोन्ही संघ जिंकले. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच. ते सामने फोनवर बघून आलेली दोघं-तिघंही इथे भेटली. वडीलमंडळींचा हिशेब वेगळा: दहावीला खेळाचे वाढीव गुण आणि पुढे सरकारी भरतीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण. शिवाय खर्च नाही. दोन खांब, फक्की आणि मोकळी जमीन एवढ्यावर भागतं.

पण हिशेब फार दिवस पुरत नाही. संघ बारा जणांचा, त्यातले नऊच मैदानात, आणि इथे मुलं चाळीसच्या आसपास. खांबात सूर मारायला शिकताना कोपरं सोलवटतात. मे महिन्यात जळगावचा पारा चव्वेचाळीसच्या वर जातो, तेव्हा सराव पहाटे. नववी लागली की क्लासची वेळ आणि सरावाची वेळ एकच होते. पोरं गळतात ती इथे.

मुलींचं आणखी वेगळं. अंधार पडायच्या आत घरी पोचायचं, ही अट. एका गल्लीतल्या तिघी एकत्र येतात, एकत्र जातात. एकीला ताप आला, त्या दिवशी उरलेल्या दोघीही आल्या नाहीत. खेळात पळती बाजू तिघांच्या तुकडीने मैदानात उतरते. या तिघी घरापासूनच तुकडीने निघतात. त्यांची दहावीतली ताई सध्या खेळत नाही, पण शिट्टी आणि घड्याळ तिच्या गळ्यात असतं. अभ्यासातून अर्धा तास काढून ती येते. "मी नसले तर वेळ कोण लावणार?" ती म्हणाली. वेळ लावणारे पाच जण तरी समोर उभे होते.

मग मी खेळ नीट पाहिला. आठ जण एका ओळीत, एकाआड एक उलट्या तोंडांनी बसलेले. नववा पाठलाग करतो. त्याला दोघा बसलेल्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही, धरलेली दिशा सोडून मागे वळता येत नाही. गडी पलीकडे निसटला की एकच उपाय: बसलेल्याला मागून खो द्यायचा. हात पाठीला लागला पाहिजे आणि 'खो' ऐकू आला पाहिजे. दोन्हींपैकी एक राहिलं तर फाउल. आणि बसलेला कितीही चपळ असो, खो मिळाल्याशिवाय त्याला उठायची मुभा नाही.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी माणूस एखाद्या कामात आपणहून का रमतो, याची तीन कारणं सांगितली आहेत: ते आपल्याला जमतंय असं वाटणं, त्यात आपली मर्जी असणं आणि आपण कुणाचे तरी आहोत हे जाणवणं. पटांगणावर तिसरं कारण मला रोज दिसलं. दोन दिवस दांडी मारलेला एक मुलगा बिचकत कडेला येऊन उभा राहिला. सर काही बोलले नाहीत. ओळीत बसलेल्या त्याच्या मित्रानेच मान वळवून विचारलं, "काल काबर नही उना रे?" पोरगा चपला काढून आत शिरला. प्रश्न घरच्या अहिराणीत होता, सगळ्यांसमोर, पण रागवून नव्हे. त्याला खो मिळाला होता.

शेवटच्या दिवशी गेलो तेव्हा फक्कीचा डबा धाकट्याच्या हातात होता आणि मोठा दोरी धरून उभा होता. पहिली रेघ वाकडी गेली. मोठ्याने काही न बोलता ती पायाने पुसली आणि दोरी पुन्हा ताणली.