कातीव : बॅरेकीतल्या एका छंदाची कुळकथा

उल्हासनगर कॅम्प १ मध्ये पत्ता सांगताना अजूनही बॅरेकचा नंबर आधी येतो. अशाच एका बॅरेकीच्या मागच्या खोलीत माझा लेथ आहे. लोखंडाचा नव्हे, लाकूड कातायचा. टेबलावर मावेल एवढा. दिवाळीच्या आधी दोन महिने त्यावर पणतीच्या बैठका, आकाशकंदिलाखाली टांगायचे लोलक, तोरणाचे मणी असं काहीबाही निघत असतं. घरच्यांच्या मते मुख्य उत्पादन भुसा.

छंद लागला तो मोबाइलवर. नाताळच्या झाडाला टांगायचे पोकळ गोळे आणि सुईसारख्या टोकाचे लोलक कातणारे गोरे आजोबा रात्री उशिरापर्यंत बघत बसायचो. आपण थेट अमेरिकेतून काहीतरी उचलून आणलं, अशी माझी समजूत होती. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद ज्या गावात मुरला, तिथे राहून अशी समजूत व्हावी ही गंमतच.

ती मोडली शेजारच्या एका सिंधी आजींच्या घरी. त्यांच्याकडे पींघो आहे. पींघो म्हणजे सिंधी घरातला रुंद फळीचा झोपाळा. बैठक, पाळणा आणि दुपारची झोप, सगळं त्यावरच. त्याच्या खांबांवर गोल गोल गाठी होत्या, पण वर पिवळट ऑइलपेंटचे जाड थर. एका ठिकाणी पोपडा उडाला होता. आतून लाल, मग काळी, मग पुन्हा लाल अशी चकाकती वलयं डोकावत होती. मी नखाने हळूच खरवडून पाहिलं. ती लाख होती.

सिंधमधल्या हैदराबादच्या उत्तरेला हाला नावाचं गाव आहे. तिथल्या लाखकामाला 'जंडी' म्हणतात. खाटांचे पाय, पाळणे, झोपाळ्यांचे खांब चरकावर, म्हणजे लेथवर, कातायचे, त्यावर वेगवेगळ्या रंगांच्या लाखेचे थर चढवायचे आणि वरचा थर कोरून खालचा रंग उघडा करायचा, अशी ही रीत. फाळणीनंतर सिंधी निर्वासित दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीत आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या उपस्थितीत या छावणीचं उल्हासनगर झालं. लोकांनी बरोबर काय आणलं आणि काय मागे ठेवलं याची यादी कोणी केली नाही. पण झोपाळ्यावाचून घर नाही, ही सवय नक्की आली.

आणि आपण मराठी लोक? आपल्याकडे तर शब्दच आहे. सूतही कातायचं आणि लाकूडही कातायचं. दोन्हीकडे काहीतरी फिरतं आणि हात स्थिर राहतो. लाकूड कातणारा तो कातारी, फारसी वळणाने खरादी. कातारी गेला, 'कातीव' उरला, आणि तोही आता नटनट्यांच्या चेहऱ्यांना चिकटवण्यापुरता. पोळपाट-लाटणं, भोवरा, भातुकली, पाळण्यावरचं चिमणाळं: यातलं किती कातकाम आहे, हे घरात कोणाला विचारून पाहा.

जुना चरक जमिनीलगत असे. दोरी गुंडाळलेली धनुकली एका हाताने पुढे-मागे ओढायची, दुसऱ्या हातात पटाशी, आणि पटाशी सावरायला पायाचा अंगठा. लाकूड एकदा इकडे, एकदा तिकडे फिरणार. पटाशी कापते ती एकाच फेरीत. कच्छमध्ये निरोणा गावातले वाढा कारागीर अजून असं काम करतात. माझा मोटारीचा लेथ मिनिटाला हजारो फेरे घेतो, तरी माझा लोलक त्यांच्या चमच्याच्या दांड्याइतका सुबक होत नाही, हे कबूल करायला हवं.

लाखेची युक्ती मला सर्वांत आवडते. ना ब्रश, ना पातळ रंग. रंग मिसळलेली लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख मऊ होते, लाकडावर बसते. मग केवड्याच्या जातीच्या पानाने ती घोटली की आरशासारखी चमक येते. ही लाख पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर राहणाऱ्या किड्याची. आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीतही ती पिकते. मी मात्र दोन वर्षं डब्यातलं पॉलिश फासत होतो.

कांडीला लाकूड सुकं लागतं. पहिल्या वर्षी मी आषाढात ओल्या आंब्याच्या फांदीचे गोळे कातले. लाकूड वाळताना वलयांच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे. त्यामुळे दिवाळीला माझे गोळे अंड्यासारखे झाले होते आणि दोन तडकलेले. शहाणपण म्हणून आता लाकूड वर्षभर माळ्यावर पडून असतं.

जर्मनीत झेक सीमेजवळच्या झाइफेन गावात मात्र ओलं लाकूडच वापरतात. कथलाच्या खाणी आटल्यावर तिथले खाणकामगार लेथकडे वळले. ते ओल्या स्प्रूसची एक गोल कडी कातत जातात; बाहेरून खाचा, आतून खाचा. मग केकसारखे तिचे काप काढले की प्रत्येक काप म्हणजे गाय किंवा घोडा! कडी फिरत असताना जनावर कुठेच दिसत नाही. ते कारागिराच्या डोक्यात असतं. नाताळच्या बाजारात ही चित्रं अजून विकली जातात. छंदाला थोर पूर्वजच हवे असतील, तर रशियाचा पीटर द ग्रेट स्वतः लेथवर बसायचा.

आपल्याकडेही एक राजघराणं आहे. सावंतवाडीची लाकडी फळं, खेळणी आणि गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते, चितारी मंडळींचे. गंजिफा विस्मरणात जात असताना १९७०च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी वृद्ध पुंडलिक चितारींकडून ती विद्या शिकून घेतली आणि राजवाड्यातच कार्यशाळा उभी केली. दरबार हॉलमध्ये कारागीर मांडी घालून रंगकाम करतात.

उल्हासनगरला राजवाडा नाही. पण पुढचंच स्टेशन अंबरनाथ आहे, आणि तिथे १९५०च्या दशकात सरकारने मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी उभारली ती यंत्रं घडवणारी यंत्रं करायला. म्हणजे कातलेले खांब कॅम्पातल्या घरात, यंत्रविद्या शेजारच्या गावात, आणि मी शिकायला गेलो मोबाइलवर.

आजींचा एक खांब आता माझ्याकडे आहे. ऑइलपेंट उतरवायची घाई मी केली नाही, ते बरं झालं. तुमच्याही माळ्यावर एखादा खाटेचा पाय, जुना पाळणा किंवा चिमणाळं असेल, तर एवढं ऐका: दिवाळीच्या साफसफाईत त्याला रंग देऊ नका, आणि चमकवायला स्पिरिट तर मुळीच लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. कोरड्या सुती कापडाने पुसा, पुरे.